बारा मि. खोल

शेती हा माणसाचा सर्वांत जुना उद्योग आहे आणि शेतीवर पुस्तिका काढणं हा त्याच्या खालोखाल जुना. पहिलं बी जमिनीत पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘बी कसे टाकावे’ या विषयावर चार शब्द बोलायला कुणीतरी उभं राहिलं असणार, आणि ज्याने बी टाकलं होतं त्यालाच समोर बसवून ते ऐकवलं असणार. या थोर परंपरेत आमच्या कृषिखात्याच्या प्रकाशन शाखेचं स्थान फार वरचं आहे (तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच जाते).

या शाखेचा मुकुटमणी म्हणजे ‘नवशेतकऱ्यांसाठी शेतीची मूलतत्त्वे’ हे पुस्तक. ते माझ्या साडूंनी सिद्ध केलं. खात्यात त्यांना ‘मूलतत्त्वे’ याच नावाने ओळखतात. ‘मूलतत्त्वे आले का?’, ‘मूलतत्त्वे जेवायला गेलेत’, ‘मूलतत्त्व्यांना आज पित्त झालंय’ असं सर्रास बोललं जातं. मी त्याच शाखेत मुद्रितशोधक आहे. साडूंच्या शब्दाने मला नोकरी लागली आणि नोकरी लागली म्हणून त्यांची मेहुणी मिळाली. तेव्हा त्यांच्याविषयी मी जे काही लिहीन ते संपूर्ण निःपक्षपातीपणेच लिहीन.

साडूंनी स्वतः कधी शेती केली नाही. हीच त्यांची खरी पात्रता. प्रत्यक्ष शेती करणाऱ्याचं मत कुठल्या ना कुठल्या शेताने दूषित झालेलं असतं. साडूंचं मत बावीस वर्षं स्वच्छ राहिलं. त्यांच्या गॅलरीत एक कुंडी होती, पण तिला हात लावायची त्यांना मनाई होती, कारण तत्त्व सहावे अमलात आणून त्यांनी आधीच्या दोन कुंड्यांचा निकाल लावला होता.

पुस्तकात तत्त्वं चौदा आहेत. तत्त्व पहिले : ‘शेतीसाठी जमीन आवश्यक आहे.’ (यावर समितीचं एकमत झालं. पुन्हा असा योग आला नाही.) तत्त्व सहावे : ‘पाणी गरजेपेक्षा जास्त अथवा कमी देऊ नये.’ तत्त्व नववे : ‘कीड आढळल्यास तिचे निरीक्षण करावे.’ तत्त्व चौदावे : ‘अधिक माहितीसाठी तत्त्व पहिले पाहावे.’ वाचक असा गोल फिरत राहतो आणि त्याला कधीच काही कमी पडत नाही.

आपला संबंध तत्त्व चौथ्याशी आहे.

पहिल्या आवृत्तीत तत्त्व चौथे असं होतं : ‘टोमॅटोसारखे बारीक बी नखभर खोल पेरावे.’ हे वाक्य कुठल्याशा जुन्या पत्रकातून आलं होतं आणि ते लिहिणारा बहुधा शेतकरी असावा, कारण त्यात एकही कठीण शब्द नव्हता. आठव्या आवृत्तीच्या वेळी समितीने आक्षेप घेतला. नख हे मान्यताप्राप्त परिमाण नाही. नख कोणाचं? कुठल्या बोटाचं? कापण्यापूर्वीचं की नंतरचं? शेवटी पाच अधिकाऱ्यांची नखं पट्टीने मोजण्यात आली. सरासरी ११.६ मिलिमीटर भरली. शेतकऱ्यांच्या व्यापक हिताचा विचार करून ती १२ करण्यात आली आणि ‘बी १२ मिमी खोल पेरावे’ असं छापलं गेलं.

नवव्या आवृत्तीचं मुद्रित माझ्या टेबलावर आलं. त्या दिवशी मी सकाळपासून दुहेरी छपाईच्या मागे लागलो होतो. ‘आणि आणि’ मधला एक आणि काढला, ‘पेरणीपूर्वी पूर्वी’ मधली एक पूर्वी काढली. हात बसला होता. पुढे आलं ‘१२ मिमी’. एक मि जास्त. मी ती उडवली आणि शोभेसाठी मागे टिंब दिलं.

‘बी १२ मि. खोल पेरावे.’

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होतं. साडूंनी अंतिम प्रतीवर सही केली, संचालकांनी केली, चाळीस हजार प्रती निघाल्या आणि वाटल्या गेल्या. चौदा महिने एकही तक्रार आली नाही. याचा अर्थ पुस्तक उत्तम होतं. (दुसराही एक अर्थ निघू शकतो, पण तो काढण्याची पद्धत खात्यात नाही.)

आणि मग पत्र आलं.

पत्र एका टेलरमास्तरांचं होतं. या गृहस्थांनी चाळीस वर्षं कपडे शिवले. मापाला पक्का माणूस. गिऱ्हाइकाने लिहून दिलेल्या मापात स्वतःची अक्कल घालायची नाही, हा त्यांचा बाणा. एकदा कुणी घाईत दोन्ही बाह्या डाव्या लिहून दिल्या तर यांनी दोन्ही डाव्या शिवल्या, आणि गिऱ्हाईक तावातावाने आलं तेव्हा शांतपणे चिठ्ठी पुढे केली. पुढे सुईत दोरा ओवेनासा झाला. मशीन भाचीला देऊन ते आणि त्यांची बायको गावाबाहेर राहायला गेले. तिथे बायकोच्या वडिलांची अर्धा एकर जमीन पडून होती. मास्तरांनी ठरवलं, आता शेती करायची. आणि कुठलंही काम करायचं तर आधी माप हवं, म्हणून त्यांनी खात्याच्या खिडकीवरून आमचं पुस्तक आणलं.

पत्र असं होतं :

‘मा. लेखक साहेब, स. न. वि. वि. आपल्या तत्त्व ४ प्रमाणे टोमॅटोचे बी पेरण्याचे काम चालू आहे. आजपर्यंत दहा दिवसांत चार मीटर खोली झाली. त्या हिशेबाने बारा मीटरला तीस दिवस लागतील. आपण अर्ध्या एकरात चारशे रोपे सांगता, म्हणजे चारशे खड्डे. एकूण बारा हजार दिवस, सुमारे तेहतीस वर्षे. माझे वय एकसष्ट आहे. शंका अशी की, शेवटचे बी पेरण्याआधीच पहिल्या रोपाला टोमॅटो आले तर ते तोडावेत की सर्व खड्डे होईपर्यंत थांबावे? पुस्तकात खुलासा नाही. तसेच खाली मुरूम लागला आहे. आपला नम्र.’

बावीस वर्षांतलं वाचकाचं हे पहिलं पत्र. आवक लिपिकाला ते कुठल्या रजिस्टरात चढवावं कळेना. तक्रार म्हणावी तर तक्रार नव्हती, अभिनंदन म्हणावं तर तसंही नव्हतं. दुपारपर्यंत विचार करून त्याने ते ‘सापडलेल्या वस्तू’मध्ये चढवलं.

संचालकांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे कुणीतरी वाचलं?” ते म्हणाले.

“एक प्रत तरी वाचली गेलीय, साहेब,” साडू म्हणाले. त्यांच्या आवाजात मात्र अभिमान होता. आयुष्यभर स्वयंपाक करणाऱ्याला पहिल्यांदा कुणी ‘मीठ जरा जास्त झालं’ म्हणावं आणि त्याला एवढ्यानेच गहिवरून यावं, तसं काहीसं झालं त्यांना.

मी पत्र वाचलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. (हा वाक्प्रचार आहे. खरा खड्डा पुढे येतो.) ती मि मला आठवली. ज्या दिवशी मी ती उडवली त्या दिवशी डब्यात काय होतं तेसुद्धा आठवलं. पण मी काही बोललो नाही. स्थळपाहणीसाठी लेखक आणि सोबत एक कर्मचारी असे दोघे जाणार होते. कर्मचारी म्हणून साडूंनी घरचाच माणूस निवडला.

बसने अडीच तास आणि पुढे पायी वीस मिनिटं. शेत शोधावं लागलं नाही. लांबूनच मातीचा ढीग दिसला आणि ढिगाभोवती माणसं. किराणा दुकानदार होता, निवृत्त पोस्टमन होता, सायकल दुरुस्तीवाला हातात पंप तसाच घेऊन आला होता. पंधरा-वीस जण हाताची घडी घालून खड्ड्यात बघत होते. तोंड कसं रेखीव! टेलरच्या खडूने वर्तुळ आखून घेतलेलं, आणि कड अशी की जणू कात्रीनेच कापली असावी. वरती कप्पी, कप्पीला दोर, दोराला बादली आणि दोर ओढायला मास्तरांची बायको, काकू.

“आले का पुस्तकवाले?” काकूंनी बादली रिकामी करत विचारलं. “या. बघा आपलं तत्त्व.”

मास्तर शिडीने वर आले. अंगभर माती, गळ्यात मात्र टेप. हात धुतल्याशिवाय त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात.

“साहेब, हे तुम्ही स्वतः लिहिलंय?”

“सिद्ध केलंय,” साडू म्हणाले.

“मग एक सांगा. मि. म्हणजे मीटर बरोबर ना? आधी मी मिनिटं धरून चाललो होतो. घड्याळ लावून बारा मिनिटं खणलं. पण रात्रभर विचार केला. तरुण माणूस बारा मिनिटांत माझ्या दुप्पट खणेल. म्हणजे तरुणाच्या टोमॅटोला एक माप आणि म्हाताऱ्याच्या टोमॅटोला दुसरं? असं ढिलं माप खातं देणार नाही. म्हणून म्हटलं, मीटरच.”

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की गर्दीतल्या दोघांनी माना डोलावल्या. खात्यात मी वीस वर्षांत एवढा सुसंगत विचार ऐकलेला नाही.

“बी बघितलंत का साहेब?” काकूंनी पदराच्या गाठीतून चार बिया काढून तळहातावर धरल्या. “तिळापेक्षा बारीक जीव. याला सहा पुरुष खोल गाडलं तर ते वर येईल कशाला? वर काय ठेवलंय त्याचं?”

पलीकडच्या शेतातून एक बाई बांधापर्यंत आली. तिला सगळे मावशी म्हणत. तिच्या मागे काठ्यांना बांधलेली टोमॅटोची झाडं होती, चांगली छातीएवढी. “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, मास्तर, नखभर खाली टाका आणि माती सारा. तर मला पुस्तक दाखवतात.”

“नख कोणाचं, मावशी?” मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. “कुठल्या बोटाचं? माप आकड्यात हवं.”

साडूंनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. हा माणूस समितीवर हवा होता.

मग ते खड्ड्याच्या कडेला गेले. गर्दी सरकली, त्यांना जागा दिली. मी खोकलो. पुन्हा खोकलो. साडू कमरेत वाकून बराच वेळ आत बघत राहिले. आत अंधार होता, एक फावडं होतं आणि तळाशी मास्तरांची चप्पल होती.

“प्रगती समाधानकारक आहे,” साडू म्हणाले.

गर्दीने श्वास सोडला. मास्तरांनी माझ्याकडे एकवार नीट बघितलं, टेप सावरला आणि शिडी उतरायला लागले. काकूंनी बादली जमिनीवर अशी ठेवली की तिचा आवाज सगळ्यांना कळला. “झालं!” एवढंच त्या म्हणाल्या आणि बांध ओलांडून मावशीकडे निघून गेल्या. दोर मग सायकलवाल्याने धरला.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना.

“दादा, ती मि मी खाल्ली.”

“कुठली मि?”

“मिमीमधली. बारा मिमी होतं. मला वाटलं, दोनदा छापलंय.”

साडू विचार करू लागले. विचार चालू असताना बस दोन थांबे थांबली.

“म्हणजे बारा मीटर नाही?”

“नाही.”

“मिलिमीटर?”

“हो. नखभर.”

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताचं मधलं बोट डोळ्यांसमोर धरलं. त्या पाच नखांतलं एक त्यांचंच होतं. बराच वेळ ते नखाकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघत हळू आवाजात म्हणाले, “मला वाटलं, असंच असतं.”

“काय असंच असतं?”

“अहो, शेतकरी कष्ट कष्ट म्हणत असतो ना. मला वाटलं, ते हेच असणार.”



चूक दुरुस्त करायचीच नाही, असा कुणाचाही हेतू नव्हता. शुद्धिपत्र काढण्याची खात्यात सुस्पष्ट पद्धत आहे : मूळ चूक ज्यांच्या सहीने झाली त्या सर्वांनी ती आपण केली नसल्याचं लेखी द्यायचं, मग उरलेल्या चुकीवर समिती नेमायची. याला साधारण चार महिने लागतात. मास्तरांचे जेमतेम पंधरा दिवस राहिले होते. आमची ही म्हणाली, “कागद कसले फिरवता? रविवारी जा आणि सांगून या.” मी जाणारच होतो. पण त्या रविवारी पंखा साफ करायचा निघाला आणि पुढच्या रविवारी, सांगायला हरकत नाही, मला धीर झाला नाही.

खणण्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरं पत्र आलं.

‘मा. साहेब, साडेदहा मीटरवर पाणी लागले. गोडे आहे. तत्त्व ४ मध्ये पाण्याचा उल्लेख नाही. दीड मीटर काम शिल्लक असून मी गळ्यापर्यंत भिजलो आहे. बी पाण्यात पेरावे काय?’

इथे थोडी भौगोलिक माहिती आवश्यक आहे. त्या भागात पाणी नाही हे सर्वमान्य होतं. पाणीखात्याची माणसं चौदा वर्षं यंत्रं घेऊन तिथे फिरत होती. त्यांनी तीन विहिरी खणल्या, तिन्हींत उत्तम प्रतीची धूळ लागली. त्यांना चौदा वर्षांत जे जमलं नाही ते एका मुद्रितशोधकाने एका फटक्यात साधलं. अर्थात हे श्रेय मी मागितलं नाही. ते तत्त्व चौथ्याला देण्यात आलं.

तीन महिन्यांनी पाच जणांचा अभ्यासगट गेला, साडू आणि मी सोबत. गावातली अर्धी घरं विहिरीवर रांग लावून होती. मास्तर कडेला उभं राहून प्रत्येकाच्या दोराला टेप लावत होते. अभ्यासगटाने खोली मोजली, पाणी चाखलं आणि मग गट एका मुद्द्यावर अडला. तत्त्वानुसार खोली बारा मीटर, प्रत्यक्ष साडेदहा. दीड मीटरची तूट कशी भरून काढणार? पाऊण तास चर्चा होऊन तूट ‘नैसर्गिक’ ठरवण्यात आली.

मग छायाचित्रासाठी टोमॅटो हवे होते. विहिरीभोवती तर मातीचा ढीग आणि गर्दी. कुणीतरी म्हणालं, घरामागे बघा.

घरामागे, मोरीचं पाणी जिथे जातं तिथे, टोमॅटोची झाडं लालेलाल झाली होती. जेमतेम सत्तर. मावशीने रोपं दिली होती आणि काकूंनी स्वतःही बी टाकलं होतं, मास्तरांच्या बटणांच्या रिकाम्या डब्यांत. उरलेले दोन-तीन डबे भिंतीशी होते, त्यांवर अजून ‘शर्ट, पांढरी’, ‘कोट, मोठी’ अशा चिठ्ठ्या होत्या आणि कोटाच्या मोठ्या बटणांच्या डब्यातून कोवळी हिरवी पानं वर आली होती.

“बी किती खोल टाकलंत, बाई?” गटप्रमुखांनी विचारलं.

काकूंनी फक्त अंगठा वर करून नख दाखवलं. नखात माती होती.

टिपणी घेणाऱ्याने लिहिलं : ‘लाभार्थी महिलेने अंगठा वर करून समाधान व्यक्त केले.’

अभ्यासगटाने जमेल तेवढे टोमॅटो खाऊन उरलेल्यांचं वजन केलं आणि अहवाल दिला. अहवालाची बातमी झाली, बातमीची लाट झाली. सहा महिन्यांत तीनशे बारा नवशेतकऱ्यांनी तत्त्व चौथे अमलात आणायला घेतलं. नऊ ठिकाणी पाणी लागलं. एका ठिकाणी शेजाऱ्याचं तळघर लागलं (प्रकरण आपसात मिटलं). उरलेल्या तीनशे दोन ठिकाणी प्रगती समाधानकारक आहे.

दहाव्या आवृत्तीचं मुद्रित माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्यात ‘१२ मि. (मीटर)’ असं स्पष्ट छापलेलं होतं. शेजारी मास्तरांचं विहिरीवरचं छायाचित्र, हातात काकूंचे टोमॅटो. मी लाल पेन उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. साडू येऊन उभे राहिले. “अहो, ज्या चुकीला पाणी लागतं ती चूक नसते,” ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

त्या रविवारी मी पंखा साफ केला नाही. बसने गेलो.

मास्तर विहिरीच्या कठड्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं : मिमी, टिंब, सकाळपासूनची दुहेरी छपाई, सगळं. मास्तरांनी ऐकून घेतलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“तुम्ही दोघं आलात त्या दिवसापासून. साहेब आत बघत होते, मी तुमचं तोंड बघत होतो. चाळीस वर्षांत पाच-सहा वेळा माझ्या हातून कपडा बिघडला. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं तेव्हा मागे मी अगदी अस्संच तोंड करून उभा असायचो.”

“मग खणत का राहिलात?”

मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, “एवढे मोठे साहेब एवढ्या लांबून आले आणि चारचौघांत समाधानकारक म्हणाले. त्यांना तोंडघशी कसं पाडायचं? आणि खरं सांगू? आयुष्यभर मान खाली घालून शिवलं. काय करतोय ते बघायला कधी कुणी थांबलं नाही. इथे रोज माणसं यायला लागली. आज किती झालं, मास्तर? उद्या किती होईल? बरं वाटायचं हो.”

काकू चहा घेऊन आल्या. त्यांच्या तळहातावर दोराचे घट्टे अजून होते. त्यांनी कप माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, “ते काय ते दुरुस्त करा. आमचं नशीब, पाणी लागलं. दुसऱ्या कुणाच्या बायकोला बादली ओढायला लावू नका.”

“करतो.”

“आणि पंधरावं तत्त्व घाला. नवरा पुस्तक वाचायला लागला की बी लपवून ठेवावं.”

सोमवारी सकाळी मी ते वाक्य लाल शाईने कापलं आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘नखभर’. सही केली. कापलेली मि कुठून आली आणि कुठे गेली याची कबुली वेगळ्या कागदावर जोडली. इतकी वर्षं नोकरी करून मी पहिल्यांदाच काही लिहिलं होतं आणि ते चार अक्षरी होतं.

समिती बसली. माझ्यावर कुणी रागावलं नाही. उलट, दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं सर्वांचं मत पडलं. दहावी आवृत्ती पन्नास हजारांची निघाली. तत्त्व चौथे आता असं आहे : ‘बी १२ मिमी अथवा १२ मीटर, जमिनीच्या मगदुराप्रमाणे, खोल पेरावे.’

साडूंचा सत्कार झाला. पण त्यांच्यात काहीतरी बदललं हे ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, मला सांगितलं. ते अधूनमधून बसने मावशीच्या शेतावर जाऊ लागले. एकदा मीही सोबत होतो. मावशीने त्यांच्या तळहातावर एक बी ठेवलं. साडूंनी ते चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं आणि एखाद्या विद्यार्थ्यासारखं विचारलं, “यात उलट-सुलट कुठली?”

“ते बी बघून घेतं,” मावशी म्हणाली. “तुम्ही फक्त सोडा.”

साडूंनी सोडलं. वरून माती सारली. मग उठायचं सोडून ते बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले, आणि मी त्यांना प्रगतीविषयी काही विचारलं नाही.

आता एकच गोष्ट उरली, जी अहवालात नाही. त्या रविवारी निघताना मी मास्तरांना विचारलं होतं, “रोज एवढी माणसं कडेला उभी असायची. मावशी आणि काकू सोडल्या तर ‘थांबा’ म्हणून कुणीच कसं म्हटलं नाही? टोमॅटो काय कुणी पाहिला नव्हता?”

“सगळ्यांना माहीत होतं,” मास्तर म्हणाले. “पण थांबा म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. मग त्यांनी बघायचं काय?”

मी त्या वेळी मान हलवली आणि मनातल्या मनात त्या लोकांना चार शिव्या घातल्या. पुढे हे सगळं लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की कडेला आणखीही कुणीतरी उभं आहे. वाचकहो, मी ती मि उडवली तेव्हा तुम्ही समोरच होता. मि. म्हणजे काय ते तुम्हाला साडूंच्या आधी, मास्तरांच्याही आधी ठाऊक होतं. तरी तुम्ही चार मीटरला उभे होता, साडेदहाला उभे होता, काकू बादली ओढत होत्या तेव्हा तर तुम्ही हसतही होता. माझी काही तक्रार नाही. फक्त आता जरा बाजूला सरका, मागच्यांना दिसत नाही.